धनेशाचे दार

पिल्लू दारातून पडले की सगळे पिल्लालाच नावे ठेवतात. "फार अवखळ होते," म्हणतात. दार उघडे टाकणारा मात्र त्याच गर्दीत उभा राहून हळहळतो. मुलांनो, ही गोष्ट तुमची आहे. पण घरातल्या मोठ्यांना आधी वाचून दाखवा.

सह्याद्रीच्या एका रानात, बेहड्याच्या उंच ढोलीत धनेश पक्ष्यांचे जोडपे राहत असे. धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत बसते आणि दार चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. त्या फटीतून नर तिला फळे भरवतो.

पिल्लू जरा मोठे झाल्यावर आई चिखलाची भिंत फोडून बाहेर आली. रीतीप्रमाणे दार पुन्हा लिंपायचे होते, पण धनेश म्हणाला, "राहू दे. ती साळुंकी रोज टोमणे मारते, 'भावजी, घर आहे की तुरुंग?' आणि आपलं पिल्लू शहाणं आहे. काठाशी जायचं नाही, असं मी त्याला बजावलंय." पिल्लाने लगेच मान डोलावली. बापाची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी धनेश पिकलेले उंबर घेऊन आला. त्याच्या पंखांचा आवाज ऐकताच पिल्लू भुकेने दाराकडे धावले आणि काठावरून घसरले. त्याला अजून उडता येत नव्हते. एक नख सालीत अडकले, म्हणून ते लोंबकळत राहिले. आईने झेप घेऊन त्याला आत ढकलले.

"तुला सांगितलं होतं ना?" धनेश ओरडला.

"त्याला कशाला रागावता?" आई म्हणाली. "भूक लागली की ते धावणारच. दार आपण बघायचं. जा, चिखल आणा."

धनेश चिखल आणायला गेला. संध्याकाळपर्यंत दोघांनी दार लिंपले. साळुंकी आलीच. "अगंबाई, पुन्हा चिखल? घराची शोभा गेली हो, भावजी."

"शोभा आत झोपलीय," धनेश ताठ मानेने म्हणाला. "आणि हे दार मी लिंपलंय. नीट बघून घ्या."

पंख भरल्यावर पिल्लाने स्वतःच्या चोचीने ते दार फोडले आणि थेट आभाळात झेप घेतली. आईबाप फांदीवर बसून बघत राहिले.

तात्पर्य : खालच्या फांदीवरची खार आपल्या पिल्लांच्या ढोलीच्या तोंडाशी आडोसा करता करता म्हणाली तेच, "पोराला 'जपून' म्हटलं म्हणजे दार लागत नाही."