झुबकीला हवं बिनतिखट

ऐका हं. डोळे मिटून ऐकलं तरी चालेल.

एक होतं सावरीचं झाड. उंचच उंच! शेंड्याला ढग टेकलेला. बुंध्याशी पोपटमामाची खानावळ.

दुपार झाली होती. सावरीचा कापूस तरंगत होता. हळू... हळू... हळू. सगळं रान पेंगुळलं होतं. आमटी तेवढी जागी होती. रट रट, रट रट.

पोपटमामाकडे तीन मडकी.
लाल मडकं झणझणीत. ते पाखरांचं.
पिवळं मडकं जरासं तिखट. ते वानरांचं.
आणि पांढरं मडकं बिनतिखट. ते पिल्लांचं. नवंकोरं बरं का! आजच मांडलेलं.

तुरुतुरु, तुरुतुरु. कोण आलं? झुबकी आली!

झुबकी म्हणजे खारीचं पिल्लू. एवढीशी खार, आणि केवढी ती शेपटी! आज ती पहिल्यांदाच एकटी जेवायला आली होती. पोटात कावळे ओरडत होते.

"ये गं ये, झुबके. केवढं तिखट वाढू?"

"बिनतिखट, मामा! अगदी बिनतिखट!"

मामाने पळसाचा द्रोण घेतला. भात वाढला. पांढऱ्या मडक्यातली आमटी घातली. चोच बुडवून चाखली.

"छे! ही कसली आमटी? नुसतं पाणी!"

आणि मामाने काय केलं, माहितीये? टाकली एक मिरची. लवंगी मिरची! अरे देवा.

झुबकीने पहिला घास घेतला. आणि मग?

"हाऽ हूऽ! हाऽ हूऽ!"

जीभ लाल. नाक लाल. डोळ्यांत पाणी. घास पडला खाली, टप्पकन. एक मुंगी आली, वास घेतला, आणि मागच्या मागे पळाली. ती काय वेडी आहे?

"मामा, तिखट आहे हो!"

मामाने पुन्हा चोच बुडवली. "तिखट? कुठाय तिखट? मला तर काहीच लागत नाही."

खरंच लागत नव्हतं हो. पोपटच तो! मिरच्या खाऊन मोठा झालेला. पण झुबकीची जीभ काय खोटं बोलते?

"माझं जेवण!" झुबकी रडायला लागली.

"रडू नको गं बाय. दही घातलं की तिखट पळतं म्हणतात. दही असतं म्हशीमावशीकडे. जा, घेऊन ये. मी तुझा द्रोण झाकून ठेवतो."

तुरुतुरु, तुरुतुरु. झुबकी गेली तळ्यावर.

म्हशीमावशी तळ्यात बसली होती. डोळे अर्धे उघडे, अर्धे मिटलेले. काठावर गार चिखलात दह्याचं गाडगं.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, ऊठ ना!
म्हैस उठली की दही मिळेल.
दही मिळालं की तिखट पळेल.
तिखट पळालं की मी जेवेन.
हाऽ हूऽ! हाऽ हूऽ!"

"अगं, उठते की," म्हशीमावशी म्हणाली. "पण पाठ खाजतेय ना माझी. बगळ्याने पाठ खाजवल्याशिवाय मी काही उठायची नाही."

आणि घेतले की मिटून डोळे! काय म्हणावं हिला.

तुरुतुरु, तुरुतुरु. झुबकी गेली बगळेकाकांकडे.

बगळेकाका उभे होते एका पायावर. दुसरा पाय कुठे? पोटाशी, उबेला.

"बगळेकाका, बगळेकाका, उडा ना!
बगळा उडाला की पाठ खाजवेल.
पाठ खाजवली की म्हैस उठेल.
म्हैस उठली की दही मिळेल.
दही मिळालं की तिखट पळेल.
तिखट पळालं की मी जेवेन.
हाऽ हूऽ! हाऽ हूऽ!"

"उडलो असतो गं," बगळेकाका म्हणाले. "पण बघितलास ना हा वारा? पंख उघडला की देतो ढकलून. मघाशी चांगला आपटलो. वारा थांबल्याशिवाय मी नाही उडणार."

आता वारा कुठे सापडायचा? सावरीच्या शेंड्यावर!

सरसर, सरसर. झुबकी चढली वर. पहिली फांदी, दुसरी फांदी, आणखी वर. कापूस गालाला लागतोय. खालचं तळं दिसतंय टिकलीएवढं.

"वारेदादा, वारेदादा, थांब ना!
वारा थांबला की बगळा उडेल.
बगळा उडाला की पाठ खाजवेल.
पाठ खाजवली की म्हैस उठेल.
म्हैस उठली की दही मिळेल.
दही मिळालं की तिखट पळेल.
तिखट पळालं की मी जेवेन.
हाऽ हूऽ! हाऽ हूऽ!"

"शूऽऽ!" वारा म्हणाला. "हळू बोल. ढगुल्याला झोका देतोय. सकाळपासून देतोय गं, हात दुखून आले माझे. थांबलो की लागतं रडायला. ढगुलं निजल्याशिवाय मी कसा थांबू?"

ढगुलं म्हणजे ढगाचं बाळ. मऊ मऊ, गोल गोल. फांदीच्या बेचक्यात लोळत होतं. डोळे टक्क उघडे!

झुबकी त्याच्या कानाशी गेली.

"ढगुल्या, ढगुल्या, नीज ना!
ढगुलं निजलं की वारा थांबेल.
वारा थांबला की बगळा उडेल.
बगळा उडाला की पाठ खाजवेल.
पाठ खाजवली की म्हैस उठेल.
म्हैस उठली की दही मिळेल.
दही मिळालं की तिखट पळेल.
तिखट पळालं की मी जेवेन.
हाऽ हूऽ! हाऽ हूऽ!"

"नाही निजत ज्जा!" ढगुलं म्हणालं. "मला अंगाई हवी. अंगाईशिवाय झोप येत नाही."

अंगाई! आता अंगाई कोण म्हणणार? वर नुसतं आभाळ. आजूबाजूला कुणी म्हणजे कुणी नाही. झुबकीला आईची आठवण आली. भूक लागली होती. जीभ भाजत होती. भाजलेल्या जिभेने गाणं कसं म्हणायचं?

"मला नाही गं बाई येत अंगाई," ती म्हणाली. डोळ्यांतून दोन थेंब पडले. तिने तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं?

"हाऽऽ... हूऽऽ..."

ढगुल्याने कान टवकारले. "पुन्हा म्हण."

"हाऽऽ... हूऽऽ..."

"अजून म्हण."

"हाऽऽ... हूऽऽ... हाऽऽ... हूऽऽ..."

ढगुल्याने एक जांभई दिली. केवढी मोठी! मग दुसरी दिली. मग एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. झुबकी म्हणत राहिली, हळू... हळू... हळू.

आणि ढगुलं निजलं. सरसर, सरसर. झुबकी उतरली खाली.

ढगुलं निजलं, वारा थांबला.
वारा थांबला, बगळा उडाला. फडफड, फडफड!
बगळा उडाला, पाठ खाजवली. टक टक, टक टक!
पाठ खाजवली, म्हैस उठली. खळ्ळ, खळ्ळ!
म्हैस उठली, दही मिळालं. गाडगंभर! "ने गं राणी सगळं," म्हशीमावशी म्हणाली. पाठ खाजवली ना, खूश होती स्वारी.

दही मिळालं... आणि तिखट पळालं का? थांबा, थांबा. घाई नको.

झुबकी दही घेऊन खानावळीत आली, मागोमाग म्हशीमावशी आणि बगळेकाकाही आले. पोपटमामाने द्रोणात दही घातलं. कालवलं. चोच बुडवली. "वा! झक्कास! पळालं बघ तिखट. जेव आता."

पण झुबकी जेवेना. ती दोन पावलं मागे सरकली.

"का गं?"

"मामा," झुबकी हळूच म्हणाली, "मघाशीसुद्धा तुम्हीच चाखलं होतं."

मामाची चोच उघडी ती उघडीच.

"खरंच की गं! मला तिखट लागतच नाही. मग मी चाखून काय उपयोग? आणि वर तुझ्या आमटीत मिरची टाकली. चुकलं माझं, बाळा." मामाने चमचा पुढे केला. "घे. तू चाख. तू सांग."

झुबकीने चमचा धरला. जिभेचं टोक लावलं. मामा बघतोय. म्हशीमावशी बघतेय. बगळेकाका दोन्ही पायांवर उभे.

"अजून जरासं दही."

मामाने घातलं.

झुबकीने पुन्हा जीभ लावली. थांबली. नाक लाल नाही. डोळ्यांत पाणी नाही.

"आता गार!"

आणि मग झुबकी जेवली. मटामटा, मटामटा! द्रोण चाटूनपुसून लख्ख.

"अजून वाढू?"

"वाढा!"

तेव्हापासून पोपटमामा पांढऱ्या मडक्यात चोच घालत नाही. मिरची तर नाहीच नाही. पिल्लू आलं की त्याच्या हाती चमचा देतो आणि विचारतो, "बाळा, तिखट लागतंय का?" आणि पिल्लू म्हणेल तेच खरं.

भरला द्रोण रिकामा झाला, रिकामं पोट भरून आलं, आपली गोष्ट इथेच निवली.