दवंडीवाला आणि कोष्टी आळीची विहीर

पुष्कळ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. एका राज्यात एक दवंडीवाला होता. राजवाड्यातून हुकूम आला की तो गळ्यात हलगी अडकवायचा, चौकात उभा राहायचा आणि खड्या आवाजात हुकूम ऐकवायचा. वीस वर्षं त्याने हेच केलं. हुकूम खरा की खोटा, हे त्याने एकदाही पाहिलं नाही. पाहायचं असतं, हेच तो विसरला होता.

एके दिवशी जेवताना बायकोने विचारलं, "आमटीत मीठ कसं झालंय?"

तो म्हणाला, "योग्य वेळी कळवण्यात येईल."

बायको आधी हसली, मग घाबरली. "अहो, तुमच्या तोंडात तुमचं म्हणून एक वाक्य उरलेलं नाही. उद्यापासून रोज सकाळी हलगी घरी ठेवून तासभर पायी फिरून या. स्वतः पाहिलेलं, स्वतः चाखलेलं काही तरी मला एका वाक्यात सांगा. ऐकीव गोष्ट चालणार नाही."

पहिल्या दिवशी तो येऊन म्हणाला, "लोकांचं असं म्हणणं आहे की..."

"लोकांचं नको. तुमचं."

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "माझ्या टाचेत काटा रुतला."

"हे तुमचं," बायको म्हणाली आणि काटा काढायला बसली.

पंधराव्या दिवशी तो जरा चाचरत म्हणाला, "मला वांगं आवडत नाही."

"वीस वर्षं खाताय की!"

"आजच कळलं."

पुढे त्याची पावलं कोष्टी आळीकडे वळू लागली. चाळीस घरं, चाळीस माग. आळीतली म्हातारी कोष्टीण रोज विहिरीतून पाणी शेंदायची आणि त्याला तांब्याभर द्यायची. तो पायरीवर बसून एकेक घोट प्यायचा. घरी जाऊन सांगायचा, "पाणी गार आहे, गोड आहे."

आता ऐका. त्या राज्याच्या प्रधानाला कोष्टी आळीच्या जागेवर स्वतःची बाग हवी होती. माणसांना हुसकायचं कसं? त्याने हुकूम लिहिला: विहिरीचं पाणी विषारी झालं आहे, आळी तीन दिवसांत रिकामी करावी. म्हणे प्रजेच्या काळजीपोटी! असल्या लोकांना प्रजेची काळजी नेमकी अशाच वेळी वाटते.

दवंडीवाला चौकात उभा राहिला. हलगी वाजली. त्याने हुकूम शब्दन् शब्द वाचला. कोष्टिणी रडू लागल्या. एरवी तो इथे वळून निघून गेला असता. आज त्याचे पाय हलले नाहीत. बोललो तर नोकरी जाईल, कदाचित जीवही जाईल, हे त्याला ठाऊक होतं.

"हा झाला हुकूम," तो म्हणाला. "आता माझं सांगतो. ते पाणी मी आज सकाळी प्यायलोय. महिनाभर पितोय. पाणी चांगलं आहे."

शेजारचा शिपाई गुरकावला, "तुला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. म्हणून तर सांगावं लागतंय."

लोक उठले आणि थेट विहिरीवर गेले. प्रधान पालखीतून तातडीने आला, सोबत साक्षीला राजवैद्य. म्हातारीने तांब्या भरून प्रधानापुढे धरला नाही, वैद्यापुढे धरला. "वैद्यबुवा, हे पाणी तुम्ही कधी तपासलंत?"

वैद्याने मान खाली घातली. "मी ही विहीर आजच पाहतोय."

गलका राजवाड्यापर्यंत पोचला आणि राजा स्वतः घोड्यावरून आला. सगळं ऐकून घेतल्यावर तो दवंडीवाल्याला म्हणाला, "आधी तू पी."

दवंडीवाल्याने गटागटा तांब्या रिकामा केला. मग राजाने दुसरा मागून घेतला आणि तोही प्यायला.

त्याच चौकात, त्याच खड्या आवाजात दवंडी झाली: प्रधानाला पदावरून काढलं आहे, आळी जागच्या जागी राहील. लोकांनी दवंडीवाल्याला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी चाळीसही माग असे खडखडले की राजवाड्यातली झोपलेली माणसं उठून बसली. आणि राजाने नवा नियम केला, दवंडीवाल्याने स्वतः पाहिल्याशिवाय राज्यात एकही दवंडी द्यायची नाही.

तात्पर्य: जो रोज थोडा वेळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि स्वतःच्या शब्दांत बोलतो, त्याच्याकडून खोटं वदवून घेणं कोणालाच जमत नाही.