पांढरा बुरूज

एकदा एका दूरच्या बंदरावर स्पेनच्या राजाचा अंमल होता. बंदराच्या तोंडाशी राजाने बुलंद किल्ला बांधवला. दगड मात्र वाहिले तिथल्याच कोळ्यांनी. किल्ल्याच्या तोफा एक वृद्ध गोलंदाज सांभाळत असे. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. शिष्य हुशार होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

समुद्राकडचा बुरूज दरवर्षी चुन्याने पांढराशुभ्र करण्याची तिथे रीत होती. एके दिवशी खबर आली, शत्रूची जहाजे निघाली आहेत, उद्या सकाळी येऊन थडकतील. शिष्याने कुणाला न विचारता माणसे लावली आणि दुपारपर्यंत सगळा बुरूज काजळी कालवलेल्या चिखलाने लिंपून टाकला. समुद्रावरून पाहावे, तर बुरूज मागच्या डोंगरात मिसळून गेलेला! स्वारी खुशीत आली.

वृद्धाने ते पाहिले आणि पाणी मागवले. चिखल धुऊन काढून तो पुन्हा चुना लावू लागला.

शिष्याचा संताप झाला. "उस्ताद, हे काय आरंभलंत? शत्रूला नेम धरायला आयती जागा देताय! पहिला गोळा इथंच बसेल."

"बसेल," वृद्ध म्हणाला. "कोळ्यांच्या होड्या परतल्या का रे?"

"अजून नाही. दिवस मावळता येतील."

"तोंडाशी एवढे खडक आहेत. त्यांतून वाट काढताना ते कशावर नजर ठेवतात?"

शिष्याने चुन्याच्या ओल्या पट्ट्याकडे पाहिले.

वृद्ध शांतपणे म्हणाला, "किल्ला तू शत्रूपासून लपवलास, पण तो कोळ्यांपासूनही लपला. हा किल्ला बंदराच्या रक्षणासाठी आहे, स्वतःच्या नव्हे. बुरुजाला खिंडार पडलं तर बुजवता येईल. बुडालेली माणसं कुठून आणणार आहेस?"

शिष्याने पुढे होऊन वृद्धाच्या हातातला कुंचला घेतला. ऊन कलले तेव्हा बुरूज पुरता पांढरा झाला होता, आणि होड्या एकामागून एक, त्याच्याकडे तोंड करून, सुखरूप आत आल्या.

अंधार पडल्यावर पुन्हा चिखल लिंपणे शक्य नव्हते; सकाळी पहिला गोळा तिथेच बसला. तोफा दिवसभर धडधडल्या आणि शत्रू परत फिरला. दुसऱ्या दिवशी शिष्य कुणी सांगण्याआधीच चुना कालवायला बसला.

आपण स्वतःला जपताना कुणाच्या नजरेआड होतो आहोत, एवढे अधूनमधून पाहावे.