कोरांटीचं बारसं

एका राज्यात पाळणा मधोमध आणि भांडण भोवती, असं एक बारसं चाललं होतं.

"कोरांटी? माझ्या नातीचं नाव कोरांटी?" राजमाता कडाडल्या. "अगं सगुणे, कुंपणाचं झुडूप ते!"

"वहिनीनं ठेवलेलं नाव आहे, आईसाहेब," सगुणा म्हणाली. ती राजाची बहीण, बारसं झाल्यावर दुसऱ्या घरातून दत्तक आलेली, म्हणून बाळाची आत्या. कानात नाव सांगायचा मान तिचा.

"राणी तर बाळंतपणातच गेली. तिनं नाव ठेवलेलं ऐकलं कुणी?"

"मी ऐकलं," पलंगाच्या खांबावरची साळुंकी म्हणाली. "जाताना म्हणाल्या, कोरांटी म्हणा. तिला गुरं तोंड लावत नाहीत."

मग ज्याला त्याला मत फुटलं. प्रधान म्हणाले, "पणजीच्या काळचं नाव. उद्या स्वयंवरात भाटानं काय गावं?" राजगुरू म्हणाले, "पूजेला चालतं, पण काटा आहे." एक दासी पुटपुटली, "फूल बाकी गोजिरं असतं हो." तिला सगळ्यांनी डोळे वटारले. राजा मात्र जमिनीकडे बघत बसला. राजे अशा वेळेला जमिनीकडेच बघतात.

या घराण्याच्या एका पूर्वजानं बागेच्या हौसेपायी एका मांत्रिकाचं रान जाळलं होतं. मांत्रिक म्हणाला होता, "माझा चारा जाळलास. आता तुझ्या घरातल्या मुली चरेन. नाव जितकं गोड, तितका घास गोड." तेव्हापासून मुलीचं बारसं झालं की तो काळ्या रेड्याच्या रूपानं यायचा, पाळण्यात तोंड घालायचा, आणि मागे दगड ठेवायचा.

राजाच्या थोरलीचं नाव ठेवलं भुवनमोहिनी. म्हणाले, शापबिप जुन्या गोष्टी. तिचा दगड झाला. दुसरीचं ठेवलं अमृतमंजिरी. म्हणाले, नावातच अमृत घातलं की मरण येईल कुठून? तिचाही झाला. दोन्ही वेळा नाव सगुणेनंच कानात सांगितलं होतं. दोन्ही वेळा बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत हसत धपाटे घातले होते, आणि पाठ सरळ करते तो पाळणा गार. राणी त्या दोन दगडांना रोज तेल लावायची, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायची, टिपून झबली चढवायची. वाड्यात कुणी तिला वेडी म्हणायचं, कुणी बिचारी. मी तिला आई म्हणते.

"या खेपेला रत्नप्रभा ठेवा," राजमाता म्हणाल्या. "रत्न काही चावून खाता येत नाही."

"मागच्या खेपेलाही तुम्ही असंच काहीतरी म्हणाला होतात," सगुणा म्हणाली. "बाजूला व्हा, आईसाहेब."

"लोक हसतील!"

"हसू देत."

"मी या घराची मोठी आहे. माझा शब्द मोडून जा पुढे, बघते कशी जातेस!" राजमाता हात पसरून पाळण्याआड उभ्या राहिल्या.

त्यावर सगुणा एकच वाक्य बोलली. राजमातेचे हात खाली आले. त्या बाजूला झाल्या.

सगुणा वाकली. बाळाच्या कानात म्हणाली, "कोरांटी." धपाटा घालायला कुणाचा हात उठेना. तोच दारातून काळा रेडा आत आला. त्यानं पाळणा हुंगला, तोंड घातलं, आणि ओठ रक्ताळून मागे सरला. पुन्हा घातलं, पुन्हा सरला. तिसऱ्यांदा हंबरला तो माणसाच्या आवाजात, आणि जागच्या जागी राखेचा ढीग झाला. बाळ रडायला लागलं. त्या घरात बारशानंतर मुलीचं रडणं पहिल्यांदा ऐकू आलं.

शाप तुटला, पण तो पुढच्या मुलींसाठी. आधीच्या दोघी उठल्या नाहीत. राणीही आली नाही. राजानं बाग मोडून तिथं रान वाढू दिलं. राजमाता दोन्ही दगडांना स्वतःच्या हातानं न्हाऊ घालू लागल्या, आणि कोरांटी अंगणात धावू लागली तेव्हा त्याच तिला सगळ्यांत मोठ्यानं हाक मारायच्या.

ते वाक्य तेवढं सांगायचं राहिलं. पाळण्याआड उभ्या राहिलेल्या आईला सगुणा म्हणाली होती, "आईसाहेब, भुवनमोहिनीला हाक मारा, अमृतमंजिरीला हाक मारा, आणि दोघींतल्या एकीनं जरी ओ दिली, तर तुम्ही म्हणाल ते नाव मी हिच्या कानात सांगते."