रिकामे कान

“आणि मला कधी, महाराज?”

दत्ताराम उंबऱ्याबाहेर उभा राहूनच विचारत होता. आत त्याचे गुरू केवळनाथ धुनीतली राख सारखी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आदल्या दिवशी मठात एकाचे कान चिरले गेले होते. तो दत्तारामच्या कितीतरी मागाहून आलेला. नाथपंथात कानाला चीर देऊन कुंडलं घालतात, आणि एकदा घातली की मरेपर्यंत उतरवत नाहीत. तोवर माणूस नुसता औघड. दत्ताराम कोर्टातली नोकरी सोडून आला त्याला वर्षं लोटली, पण तो अजून औघडच होता. हौदावर पाणी भरायला वाकला की आधी स्वतःचे कान बघायचा.

“तुझे नाही चिरायचे.”

“का? मी घाबरेन? सुरी लागली तरी हूं की चूं करणार नाही.”

“ओरडलास म्हणून काय बिघडतंय? … तुझं रक्त थांबत नाही.”

दत्तारामने हात झटकन मागे नेले. पण दंडावरचा काळानिळा डाग महाराजांनी केव्हाच पाहिला होता.

“हे कशानं?”

“कळशी लागली असेल.”

“असेल?”

“आठवत नाही.”

“दाढ काढलीस तेव्हा?”

“… तिसऱ्या दिवशी थांबलं.”

“घरात आणखी कोणाचं असं?”

दत्ताराम हसला. एवढ्याशा गोष्टीचं काय, असं ते हसणं होतं.

“सगळ्यांचंच. आमचं रक्तच पातळ, महाराज. आई बाळंतपणात गेली, रक्त थांबलंच नाही. धाकटी बहीण शालन दर महिन्याला अंथरूण धरते. आमच्याकडे असतंच तसं. त्यासाठी डॉक्टरकडे कोण जातंय?”

केवळनाथांनी राख सारखी करणं थांबवलं.

“त्याला नाव असतं,” ते मग म्हणाले. “शहरातल्या मोठ्या इस्पितळात रक्ताचे डॉक्टर बसतात. त्यांना सांग. डागाचं, दाढेचं, आईचं. गुडघ्याच्या दुखण्यावर गोळी घेतोस ना, तीही दाखव. आणि शालनला बरोबर ने.”

“मग?”

“तपासतील. आधी औषध देऊन, तिथंच कान चिरता येतील, असंही म्हणतील.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर नाही.”

दत्ताराम मटकन उंबऱ्यावर बसला.

हीच ती भीती. नाव नव्हतं तोवर आशा होती. म्हणून तर तो रक्ताची फडकी लपवून ओढ्यावर न्यायचा आणि एकटाच धुवायचा.

“मला नाव नको, महाराज. मला कुंडलं हवीत.”

केवळनाथांनी धुनीत एक लाकूड सरकवलं.

“रक्त गेलं तर जाऊ दे. मेलो तर नाथ म्हणून मरेन. घर सुटलं, नोकरी सुटली. एवढंच तेवढं सुटत नाही हो…”

पन्नाशीला आलेला माणूस, पण लहान पोरासारखा रडू लागला.

केवळनाथांनी राखेचे हात पुसले. उजव्या कानातलं जाड, झिजलेलं कुंडल हळूहळू फिरवलं आणि काढलं. मग डाव्या कानातलं.

“महाराज! ती उतरवत नाहीत!”

“उतरली की.”

त्यांनी दोन्ही कुंडलं दत्तारामच्या ओंजळीत ठेवली. ती अजून ऊबदार होती.

दत्तारामने वर पाहिलं. महाराजांच्या कानांत नुसती दोन लांब भोकं उरली होती. इतकी वर्षं ज्या कानांकडे बघत तो जगला, ते आता कुठल्याही म्हाताऱ्याचे दिसत होते.

“ही मी कशी नेऊ?”

“जपून ने. शालनलाही तपासून घे. आणि डॉक्टरांनी विचारलं की काही लपवू नकोस.”

“आणि मी येईपर्यंत… तुम्ही कुंडलांशिवाय?”

केवळनाथ पुन्हा धुनीकडे वळले.

“मी आता कोण, ते परत आलास की सांग.”