उतरत्या कडेचा ओटा

एका बाजारपेठेच्या गावात मसाल्याचे एक व्यापारी होते, भिकाजीशेठ. माणूस वाईट नव्हता, पण चार लोकांनी ‘वा’ म्हटल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. समोरच्या गंगाधर सराफांनी स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा घातला आणि शेठची झोपच उडाली. मग त्यांनी नवं घरच बांधायला काढलं आणि ओट्यासाठी काळाभोर ग्रॅनाइट आणला.

ओटा बसवायच्या आधी पाथरवट यल्लप्पाने तीन तुकडे त्यांच्यापुढे मांडले. एकाची कड गोल होती. दुसऱ्याच्या कडेवर बोटभर उंच पट्टी बसवली होती. तिसऱ्याची कड पुढे उतरती होती आणि घासून अशी चकचकीत केली होती की तिच्यात तोंड दिसावं.

“शेठ, यातली कुठली कड काढू?” यल्लप्पाने विचारलं.

शेठचे डोळे तिसऱ्या तुकड्यावर खिळले. त्यांच्या पत्नी सुंदराबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, पट्टीची घ्या. सांडलंलवंडलं तिथल्या तिथं अडतं.”

“पाहुणे काय पट्टी बघायला येणार आहेत?” शेठ हसले. “आणि सांडायचं कशाला? जपून काम करावं माणसानं.”

जन्मात ज्यांनी चहाचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं, ते हे सांगत होते. कड उतरती झाली.

वास्तुशांतीला सारा गाव लोटला. जो तो ओट्यावरून हात फिरवी आणि कडेत आपलं तोंड बघे. सराफसुद्धा “झकास” म्हणाले, तेव्हा शेठना स्वर्ग दोन बोटं उरला. आता रीतीप्रमाणे नव्या शेगडीवर दूध उतू घालवायचं होतं. दूध उतू गेलं की घराची भरभराट होते, असं लोक मानतात. इतरांना त्यासाठी तांब्याभर दूध पुरतं. शेठनी मोठं पातेलं काठोकाठ भरायला लावलं. भरभराटीत हात आखडता कशाला घ्यायचा?

दूध वर येऊ लागलं. सगळ्यांच्या नजरा पातेल्यावर लागल्या. शेठ हात जोडून उभे होते. माहेरपणाला आलेल्या लेकीची चार वर्षांची मैना ओट्यापाशी उभी राहून, चकचकीत कडेला नाक लावून, जीभ काढून स्वतःलाच वेडावत होती. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. एकाएकी दूध फसफसून उतू गेलं, ओट्यावर पसरलं आणि त्या कडेकडे धावलं. शेठना ते दिसलं. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. जोडलेले हातही सुटेनात.

सुंदराबाईंनी झडप घातली आणि मैनेला बाजूला ढकललं. पोर वाचली. उकळतं दूध कडेवरून घसरलं ते सुंदराबाईंच्या दोन्ही पायांवर.

कोणी गार पाणी ओतलं, कोणी वैद्यांना आणायला धावलं. त्या धावपळीत मागून एक म्हातारबुवा म्हणाले, “दूध मात्र भरपूर उतू गेलं हो. शुभ झालं.” शेठनी ते ऐकलं. आपणही एरवी हेच म्हणालो असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

सुंदराबाईंना पाय टेकता येईना. लेक सासरी परतली आणि पेज शिजवायची पाळी शेठवर आली. त्यांनी तांदूळ धुतले, तर पाणी कडेवरून ओघळून पोटावर आलं. पेज ढवळली, तर ती पायावर ठिबकली. ते कळवळून मागे सरले. जपून, अगदी जपून केलं, तरी धोतर भिजलंच. शेठ चक्रावून त्या ओट्याकडे बघत राहिले. इथे जन्मभर उभं राहायचं होतं तिला. तिने वेळेवर सांगितलंही होतं. आणि आपण पाहुण्यांचा विचार केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यल्लप्पाला बोलावून घेतलं.

“आता कड कशी करू, शेठ?”

“मला काय विचारतोस? मला कळत असतं, तर तिचे पाय भाजले असते का? तिला विचार.”

यल्लप्पा खाटेपाशी गेला. “वहिनी, कड कशी हवी तुम्हाला?”

सुंदराबाई एकदा यल्लप्पाकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघत राहिल्या. प्रश्न खरंच आपल्यालाच आहे, हे त्यांना खरं वाटत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात घरातली एक वस्तूही आपण हिला विचारून आणली नाही, हे शेठना त्या क्षणी कळलं आणि त्यांची मान खाली गेली.

तात्पर्य: पाहुणा घडीभर बघून जातो, घरच्याला ती वस्तू जन्मभर वापरावी लागते. म्हणून ज्याला वापरायची त्याला आधी विचारावं, आणि त्याने सांगितलं तर ऐकावं.