राहिलेली सही

"पण मग त्या मुलात माझं काय असेल?"

अश्वजितने हे तिसऱ्यांदा विचारलं.

आर्याजी चिवराची उसवलेली किनार शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पवनीच्या पुढे एका तलावाच्या काठी छोटं विहार आहे. भिक्खुणी धम्मशीला तिथे एकतीस वर्षं राहत होत्या. सगळे त्यांना आर्याजी म्हणत. चिवर घेण्याआधी त्या सरकारी दवाखान्यात आया होत्या. आसपासच्या गावांतली कितीतरी बाळं जन्मल्याबरोबर त्यांनीच पुसून आईजवळ दिलेली. अश्वजितलाही. पुढे त्यांनी विहारात मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली, आणि तिथे शिकून अश्वजित रामटेके गावातला पहिला पीएच.डी. झाला.

आता तो नागपुरात होता. मूल होत नसलेल्या जोडप्यांवर उपचार करणाऱ्या एका केंद्राची प्रयोगशाळा तो सांभाळायचा. स्त्रीचं बीज आणि पुरुषाचे शुक्रजंतू काचेच्या बशीत एकत्र आणायचे, गर्भ वाढतोय का ते बघायचं, हे त्याचं काम. जोडप्यांना सगळं समजावून सांगायलाही डॉक्टर त्यालाच बसवत. त्याच्याइतकं सोपं करून कुणी सांगत नसे.

हे त्याला स्वतःलाही चांगलं माहीत होतं.

"कधी कळलं तुले?" आर्याजींनी विचारलं.

"मार्चमध्ये. माझा नमुना मीच तपासला. दुपारची वेळ होती, लॅबमध्ये कुणी नव्हतं. चाळीस मिनिटं मायक्रोस्कोपवरून डोळा हलवला नाही."

"मंग?"

"एकही शुक्रजंतू नाही... नंतर छोटी शस्त्रक्रिया करून आत शोधलं. तिथेही नाही."

सुई चिवरातून वर आली. पुन्हा खाली गेली.

"आता दुसऱ्या पुरुषाचे शुक्रजंतू घ्यायचे आणि मृणालचं बीज. आमच्या केंद्रात नको, सगळे ओळखीचे. म्हणून दुसरीकडे गेलो. तिथल्या मुलीने आम्हाला समजावून सांगितलं. दोन ठिकाणी चुकली. मी दुरुस्त केलं."

"मृणाल काय म्हणाली?"

"काही नाही. खाली बघत होती. संमतीच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतात. तिने त्याच दिवशी केली. माझी राहिलीय. अकरा दिवस झाले. सोमवारी कागद द्यायचेत."

"तिनं घाई केली?"

"नाही. ती म्हणते, तू सही केली नाहीस तरी मी रागावणार नाही. फक्त मला रोज समजावणं बंद कर."

आर्याजींनी सुई कापडात खोवली, चिवर बाजूला ठेवलं. भिंतीला हात लावत उठल्या, ओट्यावरून उतरल्या आणि खालच्या पायरीवर जाऊन बसल्या.

अश्वजित गडबडून उभा राहिला. "आर्याजी, हे काय? वर बसा ना."

"तू बस. मले हे नवे इलाज समजत नाहीत. तिथं तू खुर्चीवर बसतो, लोक समोर बसतात. मी समोरची. सांग."

"मी तुम्हाला काय सांगू?"

"जे त्यायले सांगतो ते."

तो बसला. क्षणभर अवघडला. मग त्याची पाठ आपोआप ताठ झाली आणि आवाज बदलला. कुणी कुठे घाबरतं ते ठाऊक असलेल्या माणसाचा शांत, सावकाश आवाज.

नवऱ्याचे शुक्रजंतू नसतील तर दात्याचे घेतात. ते नोंदणी झालेल्या बँकेतून येतात. ते सरळ बायकोच्या गर्भाशयात सोडता येतात, किंवा बाहेर बशीत गर्भ तयार करून मग आत ठेवतात. बायकोचं बीज नसेल तर एखादी स्त्री बीज देते, त्यापासून झालेला गर्भ बायको पोटात वाढवते, बाळंत तीच होते.

"देणारा माणूस कोण असतो?"

"ते आपल्याला कळत नाही, आणि आपण कोण ते त्याला कळत नाही. त्याचा रक्तगट, उंची, रंग एवढं बघता येतं."

"त्याले काही रोग असला तर?"

"तपासण्या होतात. एचआयव्ही, कावीळ, रक्ताचे काही आजार. त्याशिवाय घेत नाहीत."

"उद्या तो येऊन म्हणन, माझं लेकरू द्या?"

"त्याला तसा हक्कच नसतो. जन्माच्या दाखल्यावर नवरा-बायकोचीच नावं लागतात. कायद्याने मूल त्यांचंच."

"पहिल्याच वेळी गर्भ राहते?"

"राहीलच असं नाही. बऱ्याच जणांना दोनदा, तीनदा करावं लागतं. तसं आधीच सांगतो. खोटी आशा देत नाही."

"सही केल्यावर कुणाचं मन फिरलं तर?"

"गर्भ आत ठेवण्याआधी नाही म्हणता येतं. नंतर नाही."

आर्याजी लक्ष देऊन ऐकत होत्या, मान हलवत होत्या. "चांगलं सांगतो," त्या म्हणाल्या.

आल्यापासून पहिल्यांदाच अश्वजितचा चेहरा थोडा उजळला.

"आता सांग... तू मघाशी मले जे विचारलं, ते तिथं कुणी विचारते?"



"नवरे विचारतात. जवळजवळ सगळेच. बायको बाहेर गेली की विचारतात."

"मंग तू काय सांगतो?"

"सांगतो, बाप तुम्हीच असाल."

"मंग ते काय म्हणतात?"

"गप्प बसतात. काही जण रडतात. मग सही करतात."

"किती जण झाले असे?"

"तीनशे... जास्तच असतील."

"त्यायले खरं सांगितलं तू?"

आवारात दोन उपासिका पालापाचोळा झाडत होत्या. खराट्याचा आवाज तेवढा येत राहिला.

अश्वजित हातांकडे बघत राहिला.

"मले नाही माहीत, आर्याजी," तो म्हणाला. कित्येक वर्षांत तो या बोलीत बोलला नव्हता.

त्या पायरीवरून हलल्या नाहीत.

"त्यातलं परत कुणी भेटलं?"

"सहसा कुणी येत नाही. लोकांना आमचं केंद्र विसरायचं असतं." त्याने आठवून पाहिलं. "एक आला होता. तुमसरचा हिरालाल पटले. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास मुलीला घेऊन आला. सहा वर्षांची आहे."

"काहून आला?"

"तिला कसं सांगायचं ते विचारायला. मी म्हणालो, सांगायची सक्ती नाही. तर म्हणतो, सक्तीचं नाही विचारत साहेब. उद्या तिले दुसऱ्याकडून कळलं, तर ती म्हणन बाबा इतके वर्ष खोटं बोलला. मले ते सहन नाही होणार."

"मंग तू?"

"म्हणालो, लहानपणापासूनच थोडं थोडं, साध्या शब्दांत सांगत जा. पुस्तकांत तसंच आहे."

"अन् पोरगी? कशी होती?"



"मी तिचं नाक बघत होतो," तो म्हणाला. "कान, कपाळ. त्या दात्याचा कागद मला आठवत होता. मी तिच्यात त्या माणसाला शोधत होतो... ती दोघं समोर असताना."

"सापडला?"

"त्याला मी कधी पाहिलंच नाही. सापडणार कसा?"

"अन् तिचा बाप कुठं बघत होता?"

"ती पायऱ्यांवर उड्या मारत होती. तो तिच्या पायांकडे बघत होता. पडेल म्हणून."

...

आर्याजी उठल्या. ओट्यावर येऊन त्यांनी चिवर पुन्हा मांडीवर घेतलं.

"तुमसर काही दूर नाही," त्या म्हणाल्या. "इकडं काहून आला?"

अश्वजितने तीन वेळा वाकून वंदन केलं आणि निघाला. नागपूरकडे न जाता त्याने गाडी भंडाऱ्याच्या दिशेने वळवली.

हिरालाल पटलेचं दुकान तुमसरच्या बाजाराबाहेर होतं. उघडलेली मोटार पुढ्यात घेऊन तो तांब्याची तार गुंडाळत होता. साहेबांना दारात बघून दचकला. मुलीच्या बाबतीत काही निघालं की काय, असं त्याच्या तोंडावर आलं.

"तसं काही नाही, पटलेजी," अश्वजित म्हणाला. समोरच्या स्टुलावर बसला. काय बोलायचं ते त्याने वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. "माझंही तुमच्यासारखंच आहे."

पटलेने तार खाली ठेवली. हात पुसले. समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

"खरं सांगू का साहेब? राग नाही ना येणार?"

"नाही."

"तुम्ही म्हटलं होतं, बाप तुम्हीच असाल. मी सही केली. पोरगी झाली. नर्सनं आणून दाखवली, अन् मी तिले घेतलंच नाही. हात धुवायचे आहेत म्हटलं. दुसऱ्या दिवशी सर्दी आहे म्हटलं. असे चार दिवस. बायको समजून होती, काही बोलली नाही."

"मग?"

"पाचव्या दिवशी बायकोले ताप भरला. पोरगी रडून रडून निळी होत होती. घ्यावंच लागलं." पटलेने चहाचा घोट घेतला. "माझ्या अंगावर मुतली. सदरा बदलायलाही सवड नाही. तसाच घेऊन फिरत होतो, संध्याकाळपर्यंत."

"आणि मग वाटलं?"

"काय वाटलं ते आठवत नाही साहेब. तिले दूध कितीदा द्यायचं तेच इचारत होतो सगळ्यायले."

तो हसला. अश्वजितला हसता आलं नाही. पण कप खाली ठेवताना त्याला हलकं वाटलं.

दिवे लागणीला तो घरी पोहोचला. मृणाल तंत्रनिकेतनात शिकवायची, ती टेबलाशी पेपर तपासत होती. त्याच्याकडे बघून तिने पेन ठेवलं. आता तो पुन्हा काही आकडे सांगणार, असं तिला वाटलं असावं.

"तुला भीती वाटते का?" त्याने विचारलं.

आठ महिन्यांत हे त्याने विचारलं नव्हतं.

मृणालने पेपर बाजूला सारले. "वाटते."

"कशाची?"

"उद्या बाळ माझ्या मांडीवर असेल आणि तू त्याच्याकडे बघशील. तेव्हा तू काय शोधत असशील, याची."

त्याने तिला पटलेच्या मुलीबद्दल सांगितलं. त्या मुलीकडे आपण कसं बघितलं होतं, तेही सांगितलं. बाजू सावरली नाही. मृणाल ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले, पण तिने त्याचा हात हातात घेतला.

"मलाही चार दिवस लागले तर?" तो म्हणाला.

"तर लागू देत."

सोमवारी त्याने सही केली. समुपदेशन करणारी ती मुलगी या वेळी घाबरतच बोलत होती. त्याने तिला मध्ये अडवलं नाही. एक-दोन गोष्टी त्याला माहीत असूनही त्याने विचारून घेतल्या.

पहिल्या वेळी राहिलं नाही. ते दिवस वाईट गेले. मृणाल आठवडाभर कुणाशी बोलली नाही. तो काही समजवायला गेला नाही. सकाळी तिला चहा करून द्यायचा आणि कॉलेजला सोडायचा. दुसऱ्या वेळी राहिलं.

सहावा महिना लागल्यावर दोघं विहारात आले. मृणालला आर्याजींनी ओट्यावर, भिंतीला टेकून बसवलं. तिच्या पाठीशी स्वतःची घडी घातलेली चादर दिली. पोट कुठे ओढतं, पाय सुजतात का, झोप लागते का, सगळं विचारलं. मृणाल मोकळेपणी सांगत होती.

अश्वजित बाजूला बसून होता. बऱ्याच वेळाने म्हणाला,

"आर्याजी, माझं एक बिघडलंय."

"काय?"

"केंद्रात जोडपी येतात. तपासण्या, कायदा, औषधं, सगळं पूर्वीसारखं सांगतो. पण बायको बाहेर गेली आणि नवऱ्याने मनातलं विचारलं, की मला उत्तरच येत नाही. आधी लगेच द्यायचो. आता... नुसता बसून राहतो त्याच्याजवळ. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. परवा एकाबरोबर मीही रडलो."

"मंग?"

"डॉक्टरांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, तुम्हाला या कामातून मोकळं करतो, दुसरा कुणी समजावणारा बघतो."

आर्याजी तलावाकडे बघत होत्या. वाऱ्याने पाणी शहारत होतं.

"त्यायले सांगजो," त्या म्हणाल्या, "समजावणारा आता कुठं मिळाला."